कोल्हापूरची खरी ओळख कोणत्या वासाची, कोणत्या चवीची?

तांबडा-पांढरा रस्सा सगळेच सांगतील. मला विचाराल तर चटणीचा वास. बाहेर तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी मिरच्या वाळतात, खोबरं-तीळ भाजले जातात आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कांडप सुरू झालं की गल्लीतून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. वर्षभराची आमटी, मिसळ, तांबडा रस्सा सगळं त्या डब्यावर चालतं. विकतच्या पाकिटाला ती सर नाही, हे माझं ठाम मत.

हिवाळ्यात शहराबाहेर पडलात की गुऱ्हाळांचा गोड, धुरकट वास येतो. काहिलीतला, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतला, गरम गूळ तिथेच खाऊन बघा. संध्याकाळी शहरातल्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट. पांढऱ्या रश्शात मात्र मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध. तो वाटीनं प्यायचा.