वाचकांचे प्रश्न : लग्नाची फाइल, जुना प्लेअर आणि कोरी डीव्हीडी

प्रश्न : मुलाच्या लग्नाचं शूटिंग फोटोग्राफरनं पेनड्राइव्हवर दिलं. एकच एमपी-फोर फाइल, दोन तास पन्नास मिनिटांची, २२ जीबी. गडहिंग्लजला आत्यांकडे पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे. त्यांच्यासाठी फाइल लहान करून डीव्हीडीवर कॉपी केली. कॉम्प्युटरवर दिसते, पण प्लेअरमध्ये ‘नो डिस्क’ येतं. डिस्क खराब आहे की प्लेअर? (राजारामपुरी)

उत्तर : दोन्ही ठीक असण्याची शक्यता जास्त. तुम्ही बनवलीत ती डेटा डिस्क, म्हणजे पेनड्राइव्हसारखीच, फक्त गोल. प्लेअरला हवी असते व्हिडिओ डीव्हीडी. तिची रचना ठरलेली आहे : ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन जातींच्या फाइली. चित्र एमपीईजी-टू पद्धतीनं दाबलेलं, भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीसाठी ७२० बाय ५७६ आकाराचं, सेकंदाला २५ फ्रेमचं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, एसी-३, एमपी-टू किंवा पीसीएम. आजकालच्या एमपी-फोर फाइलीतलं एच-२६४ किंवा एच-२६५ चित्र जुन्या प्लेअरला वाचताच येत नाही. पुढच्या बाजूला यूएसबीचं तोंड असलेले प्लेअरसुद्धा बहुतेक डिव्हएक्स-एक्सव्हिड जातीच्याच फाइली चालवतात. म्हणून फाइल नुसती लहान करून भागत नाही, तिचं रूपच बदलावं लागतं.

त्याआधी लांबीचा हिशेब करा. कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, ते अब्ज बाइटच्या मापात. विंडोज तीच जागा ४.३८ जीबी दाखवतं. थोडी जागा मोकळी सोडून सोपं गणित असं : ६,००,००० ला मिनिटांनी भागा, येईल तो एकूण बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती मावते ते, केबीपीएसमध्ये (सेकंदाला किलोबिट). त्यातून आवाजाचे १९२ वजा करा, उरेल तो चित्राचा. तुमची १७० मिनिटं एकाच डिस्कवर बसवली तर चित्राच्या वाट्याला साधारण ३,३०० येतात. बसेल, पण अक्षता उडताना आणि वरातीत माणसं नाचताना चित्राचे चौकोनी तुकडे पडलेले दिसतील, कारण हालचाल जास्त तिथं बिटही जास्त लागतात. आमचं स्पष्ट मत : दोन डिस्क करा. हळद, देवक, सीमंतपूजन एकीवर. अक्षता, जेवणावळ, वरात दुसरीवर. ८५-८५ मिनिटं आली की चित्राला ६,८०० च्या आसपास मिळतात आणि एवढ्यात डीव्हीडीचं चित्र छान दिसतं. फाइल छोटी असली तरी ८,००० च्या वर जाऊ नका. नियमात चित्राची मर्यादा ९,८०० आहे, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर तेवढा मारा जुन्या लेन्सला झेपत नाही आणि चित्र अडखळतं. साडेआठ जीबीची डबल लेयर डिस्क मिळते. मात्र ती महाग असते, जुने प्लेअर तिच्यावर कुरकुरतात आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर चित्र थांबतं. दोन साध्या डिस्क बऱ्या.

फाइल दोन भागांत कापायला ‘लॉसलेसकट’ वापरा. ते चित्र पुन्हा दाबत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम मिनिटाभरात होतं. कापण्याची जागा मात्र अगदी अचूक मिळत नाही, जवळच्या मुख्य फ्रेमवर (की-फ्रेम) सरकते. म्हणून दोन प्रसंगांच्या मधली रिकामी जागा निवडा.

पुढचं काम ‘डीव्हीडीस्टायलर’ करतं, ते मोफत आहे. नवीन प्रोजेक्ट उघडताना क्षमता ४.७ जीबी, पाल, १६:९ आणि आवाजाला एसी-३ निवडा. फाइल आत ओढून टाका. दर पाच-सात मिनिटांवर चॅप्टर द्या. आत्यांना ‘नेक्स्ट’चं बटण दाबून अक्षतांपर्यंत पोचता येईल. शेवटी ‘बर्न’च्या खिडकीत थेट डिस्कवर न लिहिता आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, करायला सांगा. त्यासाठी कॉम्प्युटरवर दर डिस्कमागे दहा-बारा जीबी जागा मोकळी हवी. आयएसओ तयार झाली की व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. चूक इथंच सापडली तर डिस्क वाया जात नाही.

मग ती ‘इमबर्न’नं (ImgBurn) राइट करा. इन्स्टॉल करताना सोबत येऊ पाहणारी इतर सॉफ्टवेअर नाकारा. विंडोज १० किंवा ११ असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’नंही काम होतं. कोरी डिस्क ‘डीव्हीडी-आर’ घ्या, म्हणजे मध्ये वजाचं चिन्ह असलेली; जुने प्लेअर अधिकवाल्या डिस्कपेक्षा तिला सहज घेतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू टाळा, ती प्रकाश कमी परतवते आणि थकलेल्या लेन्सला दिसत नाही. वेग ४ एक्स किंवा ८ एक्स. ‘व्हेरिफाय’ची खूण ठेवा, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासलं जाईल.

आता आत्यांच्या टीव्हीची गोष्ट. तो ४:३ आहे. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा आकार ‘४:३ लेटरबॉक्स’ ठेवा. १६:९ राहिला तर सगळं वऱ्हाड उंच आणि बारीक दिसेल. पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातात, म्हणून नावं आणि तारखा टाकायच्या असतील तर प्रत्येक बाजूनं दहावा हिस्सा सोडून आत टाका.

प्रश्न : खासबाग मैदानातल्या कुस्त्या मोबाइलवर घेतल्या. तालमीतल्या वस्तादांना डीव्हीडी करून दिली, पण चित्र हिसके मारतं आणि शेवटी शेवटी आवाज मागं पडतो. शिट्टी वाजते तेव्हा पैलवान आधीच चितपट झालेला असतो. (शिवाजी पेठ)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, कारणंही वेगळी.

आवाज सरकतो, कारण मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. ३० म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की २४-२५ वर उतरतो, पुन्हा वर चढतो. डीव्हीडीला एकसारखी चाल लागते. रूप बदलणारं सॉफ्टवेअर ही चढउतार नीट धरू शकलं नाही तर सुरुवातीला न जाणवणारा फरक तासाभरात दीड-दोन सेकंदांचा होतो. ‘मीडियाइन्फो’मध्ये फाइल उघडा, फ्रेमरेट मोडपुढं ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसेल. उपाय : आधी ‘हँडब्रेक’मध्ये फाइल घ्या, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट २९.९७ आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडा, क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा आणि नवीन एमपी-फोर काढा. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, ही फक्त मधली पायरी. निघालेली फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या.

हिसक्यांचं कारण पाल. ३० फ्रेमचं चित्र २५ मध्ये बसवताना दर सहातली एक फ्रेम गळते. भाषणात ते कळत नाही. पण धोबीपछाड सेकंदाच्या आत पडतो आणि ढाक लागताना नेमकी मधली फ्रेम गेली की डाव कसा बसला तेच दिसत नाही. म्हणून मोबाइलवरच्या ३० फ्रेमच्या शूटिंगची डिस्क एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीत करा : ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आडव्या रेषा थोड्या कमी होतात, हालचाल मात्र सलग राहते, आणि कुस्तीसाठी हा सौदा फायद्याचा. ‘भारतात पालच चालतं’ असं दुकानदार सांगतात, पण आपल्याकडचे बहुतेक सगळे डीव्हीडी प्लेअर दोन्ही वाचतात. चित्र काळंपांढरं आलं किंवा वरखाली फिरू लागलं तर प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम ‘पाल’ करा, प्लेअर स्वतः बदलून देईल. लग्नाचे फोटोग्राफर कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवतात, त्यांच्या फाइलीला पालच योग्य. आधी फाइलीची चाल बघा, मग पद्धत ठरवा.

पुढच्या मैदानासाठी एक सूचना. रात्रीच्या दिव्यांखाली चित्रात पट्टे लुकलुकतात ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळं. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवलं की ते जातं. आणि फोन आडवाच धरा. उभ्या चित्राला डिस्कवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि आखाडा मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहतो.

प्रश्न : गॅदरिंगच्या तीस डिस्क मारल्या. दहा-बारा पालकांची तक्रार आहे की शेवटची दहा मिनिटं अडकतात. कॉम्प्युटरवर सगळ्या चालतात. (इचलकरंजी)

उत्तर : डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटची दहा मिनिटं अगदी कडेला असतात. डिस्क जरा वाकडी असेल तर थरथर कडेलाच सगळ्यात जास्त, आणि १६ एक्सला राइटर कडेशीच पूर्ण वेगानं लिहीत असतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून दुरुस्त करतो. प्लेअरला तेवढी सवड नसते. वरच्या बाजूला गोल कागदी लेबलं चिकटवली असतील तर मुख्य संशय त्यांच्यावरच घ्या. लेबल केसभर सरकलं तरी तोल जातो, आणि आपल्या पावसाळ्यात कागद ओल धरून डिस्कला बाक आणतो.

उरलेल्या डिस्क अशा करा : एकूण आकार ४.३ जीबीच्या आत, म्हणजे कडेचा शेवटचा पट्टा कोरा राहील. वेग ८ एक्स. लेबल नाही, त्याऐवजी छापता येणाऱ्या पांढऱ्या डिस्क किंवा पाण्याच्या शाईचं मऊ मार्कर. यूएसबीचा बाहेरचा राइटर असेल तर तो डेस्कटॉपच्या मागच्या सॉकेटला लावा. पुढच्या सॉकेटला वीज कमी पडली की लेसर दुबळा पडतो आणि मध्येच लिहिणं बिघडतं. दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही लावा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. आयएसओ हार्ड डिस्कवरून द्या, पेनड्राइव्हवरून नको. वाटण्याआधी एक डिस्क सगळ्यात जुन्या प्लेअरमध्ये घालून शेवटचा चॅप्टर बघा. सुरुवात बघून काही कळत नाही.

प्रश्न : मेनूत आणि सबटायटलमध्ये मराठी टाकलं की जोडाक्षरं तुटतात. ‘ज्योतिर्लिंग’ वाचता येत नाही. (वाडी रत्नागिरी)

उत्तर : डीव्हीडीवर सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, चार रंगांची छोटी चित्रं असतात. ती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी येत नसेल तर रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जाते. मेनूसाठी नाव चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टनं लिहा, जेपीजी म्हणून साठवा आणि पार्श्वभूमीला लावा. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ करा, म्हणजे अक्षरं चित्रातच कायमची उमटतील. तिथं जोडाक्षरं नीट येतात. मग सबटायटल बंद करता येत नाहीत, पण आपल्या माणसांसाठीच्या डिस्कला त्याची गरजही नसते.

प्रश्न : डीव्हीडीवर फुल एचडी ठेवता येईल का? (नागाळा पार्क)

उत्तर : व्हिडिओ डीव्हीडीत नाही. त्यासाठी ब्लू-रे राइटर, २५ जीबीची डिस्क आणि ब्लू-रे प्लेअर लागतो. टीव्हीला यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह पुरे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. काही जुने टीव्ही मात्र एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा फाइल कापून द्यावी लागते.

प्रश्न : २०१९ च्या पुरात कपाट बुडालं. लग्नाच्या, बारशाच्या सीडी-डीव्हीडी चिखलातून काढून तशाच पिशवीत ठेवल्यात. काही वाचेल का? (कुरुंदवाड)

उत्तर : वाचू शकेल. सुकलेला चिखल कोरडा पुसू नका, त्यातली वाळू चरे पाडते. स्वच्छ पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून डिस्क अर्धा तास बुडवून ठेवा, मग नळाच्या हलक्या धारेखाली धरा. मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. स्पिरिट, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका. सावलीत उभी ठेवून वाळवा, उन्हात नाही.

सीडी आणि डीव्हीडीत एक मोठा फरक आहे. सीडीची माहिती वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ थराखालीच असते. तो पापुद्रा निघाला असेल तर तेवढा भाग गेला. त्या बाजूला म्हणून कापडही हलकंच लावा. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून वरचं छापील उडालं तरी आशा ठेवा. तिला धोका कडेतून आत शिरलेल्या पाण्याचा. कडेपासून आत पांढरट डाग दिसत असेल तर ती डिस्क सगळ्यात आधी वाचून घ्या.

वाचताना डिस्क टीव्हीवर लावून बघत बसू नका. पहिल्याच खेपेला अख्ख्या डिस्कची इमेज फाइल काढा. लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ यासाठी सगळ्यात चांगलं : आधी सहज मिळणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढं चालू करता येतं. एका ड्राइव्हला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळे ड्राइव्ह मिळवून बघाच. डीव्हीडीच्या इमेजमधून ‘मेकएमकेव्ही’नं चित्र बाहेर काढा, ते पुन्हा दाबलं जात नाही, जसं होतं तसं मिळतं. इमेज फाइलही पुसू नका. एक प्रत तुमच्याकडे राहू द्या आणि एक पूररेषेच्या बाहेरच्या नातेवाइकांकडे ठेवा, जयसिंगपुरात किंवा कोल्हापुरात उंचावर कुणी असेल त्यांच्याकडे.