एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा सटकतो

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, शाळेपासून कबड्डी खेळते. जत्रेतल्या सामन्यात चढाई करून परतताना झटकन वळली आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रे नॉर्मल आला. मग गावात तेल लावून चोळून घेतलं, सूज उतरली. आता दोन महिने झाले. सरळ चालते, पण वळताना, जिना उतरताना गुडघा सटकतो. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. पाठवू का?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आत्ता पाठवू नका. तिला किती वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही.

तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की निम्मं निदान पत्रातच झालं. गुडघ्यातली नुसती गादी फाटली तर सूज बहुधा दुसऱ्या दिवशी चढते. तासा-दोन तासांत गुडघा फुगला तर आत रक्त साचलेलं असतं, आणि या वयात त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एसीएल ही लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी, फाटणं. वाटी निखळून पुन्हा जागेवर बसली तरी असं होतं, म्हणून प्रत्यक्ष तपासणी हवीच. एसीएल गुडघ्याच्या मधोमध तिरपी असते. नडगीचं हाड पुढे सरकू नये, वळताना फिरू नये, हे तिचं काम. म्हणून सरळ रस्त्यावर तुमच्या लेकीला काही जाणवत नाही.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. तरी ती फिल्म जपून ठेवा. नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला हाडाचा बारीक टवका उडालेला असेल तर एसीएल जवळजवळ नक्की गेलेली असते. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जननं या टवक्याचं वर्णन १८७९ मध्ये केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. घाईत फिल्म पाहिली तर तो सुटतो.

खरी तपासणी हाताची. गुडघा २०-३० अंश वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहायचं. हिला लॅचमन तपासणी म्हणतात. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. मुलीच्या गुडघ्याला हातही न लावता 'एक्स-रे नॉर्मल आहे, आराम करा' म्हणून घरी पाठवतात, तेव्हा मला मनापासून राग येतो. खेळणाऱ्या मुलींचं यात फार नुकसान होतं, कारण ही इजा मुलांपेक्षा त्यांनाच अधिक होते. एमआरआय त्यानंतर करा. गादीही फाटली आहे का, ते त्यात कळेल.

ऑपरेशन लगेच करावंच लागतं असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं होतं. आधी व्यायाम करून गरज पडली तरच ऑपरेशन केलेल्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच दोन वर्षांत ते लागलं, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. मात्र तुमच्या मुलीला कबड्डीच खेळायची आहे आणि गुडघा आताच सटकतोय, त्यामुळे माझा कल ऑपरेशनकडे राहील. त्यात बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) घेऊन नवी लिगामेंट बसवतात. त्याआधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि मांडीत ताकद यायला हवी, म्हणून फिजिओथेरपी आजच सुरू करा. ऑपरेशननंतर किमान नऊ महिने मैदान नाही. त्याआधी उतरलेल्यांची लिगामेंट पुन्हा फाटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. तोवर चोळणं बंद. आणि गुडघा सटकू देऊ नका. दर सटकण्यात गादीचा लचका जाऊ शकतो, आणि फाटलेली गादी नेहमीच शिवता येते असं नाही.

प्रश्न : मोटारसायकल घसरली, हात टेकून पडलो. एक्स-रेत काही नाही. दहा दिवस झाले, अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतंच आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अंगठा ताठ वर करा. त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक खळगा पडतो. तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलंय असंच धरून चालायचं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं, त्यामुळे मधोमध मोडलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो; हाड जुळत नाही, पुढे सांधा झिजतो. तुमचे दहा दिवस झालेच आहेत, तेव्हा याच आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढा, शंका उरली तर एमआरआय. निकाल हाती येईपर्यंत मनगट प्लास्टरमध्ये हवं, क्रेप बँडेजवर भागवू नका. आणि गाडी चालवू नका.