मालदांडीचं मोल कोणत्या रकान्यात लिहायचं?

'विद्यापीठातल्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग झाला, हे सरकार नेमकं कसं मोजतं?' असा प्रश्न आहे.

आपल्याकडे बहुतेक वेळा मोजतच नाही, पेपर म्हणजे छापलेले शोधनिबंध मोजतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या विद्यापीठ-क्रमवारीत संशोधनाला ३० टक्के वजन आहे, पण ते पेपर, सायटेशन (इतरांनी त्या पेपरचे दिलेले संदर्भ), पेटंट आणि प्रकल्प-सल्ल्यातून आलेल्या पैशाला. 'आउटरीच'च्या १० टक्क्यांवरून फसू नका. तिथे मुली किती, परराज्यातले किती, गरीब घरचे किती हे बघतात. संशोधन कुणाच्या रानात पोचलं, याला रकानाच नाही.

ब्रिटनमध्ये तो आहे. तिथल्या आरईएफमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधनाच्या सरकारी मूल्यमापनात, 'इम्पॅक्ट'ला (समाजावर झालेल्या परिणामाला) २०१४ साली २० टक्के वजन होतं, २०२१ला २५ झालं. पाच पानांची केस स्टडी द्यायची. त्यात मूळ संशोधनाचे फार तर सहा संदर्भ, काय बदललं ते, आणि फार तर दहा पुरावे. परिणाम किती लांब पोचला आणि किती खोल गेला, यावर गुण.

आता हीच फूटपट्टी मालदांडी ज्वारीला लावा. मोहोळला १९३०च्या दशकात गावरान मालदांडीतून निवड करून एम ३५-१ ज्वारी काढली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ती आजही पेरतात. पण २०२१च्या नियमात मूळ संशोधन २००० सालापासूनचं लागत होतं. म्हणजे मालदांडी दारातच बाद! दुसरी गोष्ट, शेतकरी नुसतं धान्य बघत नाही. कडबा किती निघाला, जनावर तो खातं का, भाकरी कशी होते, दाण्याला चकाकी आहे का, हे सगळं बघतो. हेक्टरी क्विंटलच्या तक्त्यात कडब्याची पेंढी कुठे बसते? म्हणून 'उत्पादन किती टक्के वाढलं' एवढा एकच आकडा मागणारं मूल्यमापन मला साफ अमान्य आहे.

पुरावा गोळा करायचा तर काम सुरू होण्याआधीची स्थिती लिहून ठेवा. ती नसेल तर पुढे फरक दाखवताच येत नाही. 'उपयुक्त वाटलं' असं पत्र कुचकामी. कोणता हंगाम, किती एकर, आधी काय पेरत होता, हे तारखेसह हवं. बियाणं विक्रीच्या पावत्या जपा. चांगल्या पावसाचं श्रेय वाणाच्या नावावर टाकू नका. निदान तीन रब्बी हंगाम धरा, त्यात एक दुष्काळी असू द्या, आणि ते वाण न पेरणाऱ्या शेजारच्या रानाशी ताडून बघा. शिबिराचे फोटो आणि हजेरीपत्रक म्हणजे कार्यक्रम झाल्याचा पुरावा, परिणामाचा नव्हे.

एक मात्र खरं, ब्रिटनची पद्धत महागडी आहे. २०१४च्या अख्ख्या आरईएफचा खर्च सुमारे २४.६ कोटी पौंड होता. शिवाय केस स्टडी निवडून दिलेल्या असतात, फसलेलं काम कुणी पाठवत नाही. गणित किंवा इतिहासाला असा पुरावा जमवणं अवघडही जातं.

तरी 'पेपर मोजायचं सोडलं तर प्राध्यापक हातावर हात ठेवून बसतील' म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सची संशोधन-मूल्यमापनाची नियमावली वाचावी. २०१५पासून तिथे 'उत्पादकता' हा वेगळा निकष काढून टाकला. उरले तीन: दर्जा, समाजोपयोग आणि पुढे टिकून राहण्याची ताकद.