सोफ्याची राखण

पत्र: मावशी, आठ महिन्यांपूर्वी हौसेने फिकट रंगाचा कापडी सोफा घेतला. घरात अडीच वर्षांचा मुलगा आणि एक बोका. बोक्याने सोफ्याच्या एका हाताचे दोरे काढलेत, लेकाने दोनदा शू केलीये, दुधाचे डाग वेगळेच. धुतलं तरी हवा दमट झाली की वास येतो. दिवसभर माझं 'उतर खाली' चालू. नवरा म्हणतो, बोका कुणाला तरी देऊन टाकू. पण तो लेकाच्या आधीपासून घरात आहे.
– वैतागलेली

वैतागलेल्या मुली,

बोका कुठेही जाणार नाही, हे आधी सांगून टाकते. तो काही तुझ्यावर सूड उगवत नाहीये. नखांवरची जुनी टरफलं काढायची, अंग ताणायचं आणि पंजाचा वास सोडून 'ही जागा माझी' असं बजावायचं, यासाठी मांजरं ओरबाडतात. तू ओरडलीस तर तुझी पाठ वळल्यावर ओरबाडेल, एवढाच फरक. त्याला सोफ्यापेक्षा सरस काहीतरी दे. जाड दोर गुंडाळलेला खांब आण, पण त्याला पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका, म्हणजे साधारण ९० सेंटीमीटर उंच, आणि धक्क्याने न डुगडुगणारा. लोक तो खांब नजरेआड कोपऱ्यात ठेवतात आणि मग मांजर ढुंकून बघत नाही म्हणून कुरकुरतात. तो सोफ्याच्या त्या ओरबाडलेल्या हाताला खेटूनच ठेव. हातावर काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लाव. पंजाला चिकटलेलं त्यांना अजिबात खपत नाही. निघालेले दोरे ओढू नकोस, बोथट सुईने आत सार.

आता वास. शू नक्की लेकाचीच ना? बोक्याची असेल तर आधी प्राण्यांचा डॉक्टर गाठ. बोका जोर करतोय आणि शू होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, जिवावर बेतू शकतं.

लेकाची असेल तर कापड धुऊन भागत नाही, कारण वास खालच्या फोममध्ये बसलाय. एन्झाइमवालं, म्हणजे शूतले वासाचे घटक मोडणारं क्लीनर घे आणि शू जितकी खोल मुरली असेल तितकं ते मुरू दे. वरवर फवारून लगेच पुसलंस तर पैसे वाया. बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं ठेव, मग पंखा लावून आतपर्यंत वाळव. वाफेचं यंत्र मात्र लावू नकोस, उष्णतेने डाग आणि वास पक्के बसतात. अमोनियावालं क्लीनरही नको. मांजराला तो वास शूसारखाच वाटतो.

पण बाटली उघडण्याआधी गादी उचलून सोफ्याचं लेबल बघ. 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याचं क्लीनर चालेल, 'एस' म्हणजे पाणी नको, फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण. दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतं. 'एक्स' असेल तर नुसतं व्हॅक्यूम, बाकी काम जाणकाराचं. काहीही आधी मागच्या बाजूला लावून बघ. मी हे न बघता पाणी ओतलं होतं. माझ्या सोफ्याची एक गादी तेव्हापासून पालथीच आहे.

दूध सांडलं तर गार पाणी आणि पांढरं फडकं. डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत ये. घासलंस की पसरलंच.

बैठकीवर पाणी न झिरपणारं पॅड, त्यावर धुता येणारी चादर. दोन जोड ठेव, एक धुण्यात असतोच.

आणि ते 'उतर खाली' थांबव. अडीच वर्षांच्या पोराला सोफा म्हणजे डोंगरच, तो चढणार. नियम एकच ठेव: खाणंपिणं सोफ्यावर नाही. एक नियम तुलाही दिवसभर पाळून घेता येईल, सतरा नाही.

नवऱ्याला बोक्याची अडचण होतेय ना? मग दर दोन-तीन आठवड्यांनी बोक्याच्या नखांची टोकं कापायचं काम त्याच्याकडेच दे. फक्त पांढरं टोक, गुलाबी भागाला कात्री लागता कामा नये. बोका झोपेत असताना एका बैठकीत दोन नखं झाली तरी पुष्कळ.

– मावशी