पारायण चालू असताना सासूबाई हाक मारतात

पत्र थोडक्यात: ‘श्रावणात सात दिवसांचं ज्ञानेश्वरी पारायण धरलं. सासूबाई अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. वाचनात मन लागलं की नेमकी त्यांची हाक येते. चौथ्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले, त्या रडल्या. पारायण अर्धवट राहिलं. आता पोथीला हात लावायची लाज वाटते. माझी भक्ती खोटी आहे का?’

ताई, भक्ती खोटी नाही. नेम झेपेल त्याहून मोठा धरला गेला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत. त्या सात दिवसांत बसवायच्या तर रोज जवळजवळ १,३०० होतात. मोठ्याने, घाई न करता मिनिटाला सहा-सात ओव्या वाचून होतात, म्हणजे रोजची बैठक तीन तासांच्या वर गेली. एकटा अठरावा अध्यायच अठराशे ओव्यांचा. आणि अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. दोन्ही एका बाईने एकटीने करायचं म्हटल्यावर चिडचिड होणारच होती.

सप्ताह सध्या नको. रोज २५ ओव्या वाचा, वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो. अर्थासकट वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वेळही सुचवते: जेवणानंतर ठसका लागू नये म्हणून सासूबाईंना अर्धा तास उशीला टेकवून बसतं ठेवायचं असतं, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचा. त्यांना नीट बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. मधेच उठावं लागलं तर हातातली ओवी संपवा, खूण घालून पोथी मिटा, काम उरका, हात धुऊन पुन्हा बसा. उठल्याने पारायण खंडित झालं, पाप लागलं, ही भीती मनातून काढून टाका.

सुरुवात तेराव्या अध्यायापासून केलीत तरी चालेल. ज्ञानाची लक्षणं सांगताना माउली अहिंसेपाशी फार वेळ थांबतात आणि बोलण्याविषयी म्हणतात:

पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें ।
शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥

आधी माया, मग शब्द. एवढी ओवी पाठ करा. हाक आली की जागेवरून ‘काय आहे?’ म्हणू नका. उठा, त्यांना दिसाल अशा उभ्या राहा, हाताला हात लावा आणि मग विचारा. आजारी माणूस पुष्कळदा पाण्यासाठी नाही, कुणी आहे ना एवढं पाहायला हाक मारतो. ओरडल्याबद्दल त्यांची माफी मागा, एकदाच आणि साध्या शब्दांत. रोज मागत बसलात तर तुमचं दुःख सांभाळायचं कामही त्यांच्यावरच पडेल.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. अशा वेळी घरात सुनेला पुंडलिकाचा दाखला दिला जातो. पण पुंडलिक मुलगा होता. त्याने स्वतःच्या आईवडिलांची सेवा केली, बायकोवर सोपवली नाही. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेखच नाही. रात्रीची कूस बदलणं आणि रविवारची अंघोळ त्यांच्याकडे द्या. नणंद जवळ असेल तर आठवड्यातून दोन दुपारी तिला बोलवा. मागायला संकोच वाटेल, तरी मागा. थकव्यातून येणारा राग कितीही जप केला तरी जात नाही, त्यासाठी झोपच हवी.

ते सगळं ठरायला आठवडा-पंधरा दिवस जातील. २५ ओव्या मात्र आजपासून सुरू करा, आणि एखाद्या दिवशी पाचच झाल्या तर उरलेल्या वीस दुसऱ्या दिवसावर चढवू नका.