कॉर्डिएराइट-अँथोफायलाइट दिसलं की लगेच 'गाळाचा खडक' लिहू नका

मध्य प्रदेशातल्या बैतूलच्या कोअरमध्ये (ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्यात) कॉर्डिएराइट-अँथोफायलाइट शिस्ट आहे, म्हणजे या दोन मॅग्नेशियमवाल्या खनिजांचा पापुद्र्यांचा रूपांतरित खडक, गाईड म्हणतात तो मूळचा गाळाचाच, मग सल्फाइडशी (गंधक आणि धातूंच्या खनिजांशी) त्याचा काय संबंध, हे तुम्ही विचारलंय ते वाचून मला माझंच प्रोजेक्ट आठवलं. मीही तिथेच फसलो होतो.

स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड), पायराइट (लोखंडाचं) कसं ओळखायचं ते येत असेलच, सोडून देतो. समुद्राचं पाणी ज्वालामुखी खडकात मुरतं, खाली तापतं, धातू विरघळवून परत वर येतं आणि त्या वाटेवरच्या ऱ्हायोलाइटला (फिक्या ज्वालामुखी खडकाला) क्लोराइट या हिरवट खनिजाने भरून टाकतं, म्हणजे सोडियम, कॅल्शियम धुऊन जातं आणि मॅग्नेशियम वाढतं. नंतर मेटामॉर्फिझम (उष्णता-दाबाने रूपांतर) झालं की त्याच क्लोराइट-क्वार्ट्झचं कॉर्डिएराइट-अँथोफायलाइट होतं. म्हणजे तुमच्या हातात आहे ती बहुतेक गरम पाण्याची जुनी वाट. चॅल्कोपायराइट (तांब्याचं सल्फाइड) साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर त्या वाटेतच बसतं, जस्त आणि शिसं वर, कडेला.

मी लॉगमध्ये (कोअरच्या नोंदीत) सरसकट 'पेलिटिक शिस्ट', म्हणजे चिखलाच्या गाळापासून झालेला, असं लिहिलं आणि फक्त चमकणारे तुकडे सॅम्पलला घेतले. चूक लक्षात आल्यावर उरलेला कोअर मागितला तर कोअर ठेवणाऱ्या ऑफिसने आठ महिने फायली फिरवल्या, आणि मिळाला तेव्हा बॉक्सवरचे डेप्थचे आकडे पुसलेले, क्रम विस्कटलेला. त्याचा राग अजून जात नाही. कोअर म्हणजे दगड नाही हो, परत न मिळणारा पुरावा आहे! म्हणून हातात आहे तोवर दर दोन मीटरला सॅम्पल घ्या, 'रिकामा' दिसला तरी, आणि प्रत्येक बॉक्सचे फोटो काढून ठेवा.

झिर्कोनियम, टायटॅनियम अशा बदलात सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांचं प्रमाण शेजारच्या न बदललेल्या ऱ्हायोलाइटशी ताडून बघा, जुळलं तर गाईडना दाखवायला तेवढं बळ मिळेल. मी तुमचा कोअर पाहिलेला नाही आणि मॅग्नेशियमवाल्या गाळापासूनही असे खडक होऊ शकतात, त्यामुळे एकट्या खनिजावर पैज लावू नका. हिरवट गॅनाइट (जस्ताचं ऑक्साइड खनिज) दिसलं तर मात्र मी तरी जस्ताकडेच बोट दाखवीन, फक्त ते अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) नीट विरघळत नाही, फ्यूजन (फ्लक्सबरोबर वितळवून) करून घ्या नाहीतर जस्त रिपोर्टमध्ये कमी दिसेल. आणि घड्या पडलेल्या भागात आजचं 'वर' ते तेव्हाचं 'वर' असेलच असं धरू नका.

थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचा पातळ काप) करायला देताना मात्र पॉलिश करून, वरची काच न चिकटवता द्या असं लिहूनच द्या. माझ्या बारा स्लाइड काच लावून आल्या, ओअर मिनरल (धातूंची खनिजं) बघताच येईनात.