जपानमध्ये टोकियो-क्योतो सोडून भरतकाम आणि हस्तकला निवांत बघता येईल असं शहर कोणतं?

तुम्ही लिहिलंय की बरोबर आई आहे, तिला कशिद्याचं वेड आहे, हातात तीन दिवस आहेत आणि गर्दी नको. मग उत्तर जपानमधल्या हिरोसाकीला जा. बरेच जण कानाझावा सुचवतील. तेही वाईट नाही, सोन्याच्या वर्खापासून रेशमी भरतकामापर्यंत सगळं आहे तिथे. पण सुईदोऱ्यात जीव असलेल्या माणसाला मी हिरोसाकीलाच पाठवेन.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं सेंदाईत होतो. तेवढ्यात मी तिथे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा गेले ती चेरीचा बहर बघायला. बागेत जेमतेम दोन तास गेले असतील, बाकीचा सगळा वेळ एका दुकानात गेला, कारण काचेमागे एक जुनी बंडी टांगलेली होती. गडद निळ्या कापडावर पांढरी शंकरपाळ्यांची नक्षी. मला वाटलं, विणतानाच काढलेली नक्षी असणार. दुकानातल्या बाईंनी कापड उलटं करून दाखवलं तेव्हा कळलं की एकूण एक टाका हाताने घातलाय. याला म्हणतात कोगिन.

हिरोसाकी हे जुन्या त्सुगारू संस्थानाचं गाव. इथल्या थंडीत कापूस पिकत नाही, बाहेरून आलेला महाग. त्यात १७२४ च्या काटकसरीच्या हुकुमाने शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी झाली. त्यांच्या अंगावर तागासारखं विरळ, भरड कापड, आणि बाहेर कमरेइतका बर्फ. मग बायकांनी त्या कापडाची भोकं दोऱ्याने बुजवायला सुरुवात केली. ऊब यावी आणि ओझं वाहून खांदे फाटू नयेत, एवढाच हेतू. आपल्याकडे जुनेर टिकवायला गोधडीत दाट धावदोरे घालतात, तसंच. नक्षी त्यातूनच निघाली. १८९० च्या दशकात रेल्वे आली, तयार सुती कापड स्वस्त झालं आणि कोगिन मागे पडलं. १९३२ मध्ये यानागी सोएत्सु या लोककलेच्या अभ्यासकाने त्याची वाखाणणी केली आणि लोकांचं परत लक्ष गेलं.

आता आईंना ही गोष्ट नक्की सांगा. कोगिनमध्ये कापडावर काही छापलेलं नसतं, रिंगही लावत नाहीत. बोथट सुई घ्यायची, उभे धागे मोजायचे आणि आडव्या ओळीत टाके घालत जायचं. धागे उचलायचे ते विषम संख्येने: १, ३, ५, ७. अख्ख्या ओळीचं कापड सुईवर चुण्या करून गोळा करायचं, दोरा ओढायचा आणि मग बोटांनी कापड ताणून चुण्या मोडायच्या. हे ताणणं राहिलं की कापड आक्रसतं. कर्नाटकी कशिद्यातला नेगीचा टाका ज्याने घातलाय त्याला हे दहा मिनिटांत जमेल. माझ्या आजीने इरकलीच्या पदरावर नेगी भरलेली मी पाहिली होती, तरी मला जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

एका छोट्या कार्यशाळेत दीड तास बसले होते. सत्तरीच्या आजीबाई शिकवत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं जपानी बाजारहाटापुरतं. चौथ्या ओळीत कुठेतरी माझे तीनाचे चार धागे झाले आणि पुढची सगळी नक्षी तिरकी चालली. त्यांनी टाक्यावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "हे तर नाम्बू झालं!" हिरोसाकी ज्या आओमोरी प्रांतात आहे त्याच्या पूर्वेकडे, शेजारच्या जुन्या नाम्बू संस्थानाच्या भागात हिशिझाशी नावाचं असंच भरतकाम चालतं, ते सम संख्येवर. दोन्ही संस्थानांचं जुनं वाकडं. मला सगळं उसवायला लावलं, पण चहाही दिला.

नक्षीच्या घटकांची नावं ऐकण्यासारखी आहेत: मांजराचा डोळा, अक्रोडाचं कवच, फुलपाखरू, भोपळा. सगळी अंगणातली आणि स्थानिक बोलीतली.

'हिरोसाकी कोगिन केन्क्युजो' ही संस्था चुकवू नका. तिथे जुने नमुने दिसतात आणि वस्तू विकतही मिळतात. तिची पांढरी दुमजली इमारत १९३२ ची, कुनिओ माएकावा या वास्तुविशारदाचं पहिलं काम. चंदीगढवाल्या ल कॉर्बुझिएच्या पॅरिसच्या ऑफिसात काम करून तो नुकताच परतला होता. शनिवार-रविवारी ती बंद असते, मी एकदा दारापर्यंत जाऊन परत आलेय.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या बागेजवळचं नेपुता-मुरा. तिथे ऑगस्टच्या उत्सवातले कागदी रथ-दिवे आहेत, समोर बसून काम करणारे कारागीर आहेत आणि काही गोष्टी स्वतः करूनही बघता येतात. जरा वेळ त्सुगारू-नुरी या लाखकामापाशी थांबा. एका प्रकारात ओल्या लाखेवर मोहरीसारखं बारीक बी पेरतात, वाळल्यावर ते खरवडून काढतात, राहिलेल्या बारीक वळ्यांवर वेगळा रंग चढवून घासतात. असे थरावर थर, महिनोन् महिने. तिथलेच लोक याला 'बाका-नुरी' म्हणतात, म्हणजे 'वेड्याचं लाखकाम'. तयार वाटी बिनधास्त हाताळा, पण ओल्या लाखेला हात लावू नका. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आणि बिब्ब्यासारखंच उततं.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. फार तर विटांच्या जुन्या गोदामात २०२० साली उघडलेलं समकालीन कलेचं संग्रहालय बघा, नाहीतर नुसते ॲपल पाय खात फिरा. सफरचंदांचंच गाव आहे ते.

टोकियोहून बुलेट ट्रेनने शिन-आओमोरीला सव्वातीन तास, पुढे साध्या गाडीने पाऊण तास. एप्रिलअखेर आणि ऑगस्टचा पहिला आठवडा टाळलात तर गर्दी लागणार नाही. मला ऑक्टोबर सगळ्यात आवडला, झाडांवर सफरचंदं असतात.

कोगिनचा तयार संच विकत मिळतो: कापड, दोरा, सुई आणि चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी. नक्षी वाचायला जपानी यावं लागत नाही. दोन संच घ्या, कारण पहिला उसवण्यात जातो. आणि आईंचा जवळचा चष्मा हॉटेलवर विसरू नका, निळ्या कापडातले निळे धागे मोजायचे आहेत.